व्यावसायिक गोल्फ स्पर्धा पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहणार आहोत, नियोजन कसे करावे?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही बडोद्याचे. माझे वडील सत्तरी ओलांडलेले असून निवृत्तीनंतर टीव्हीवर गोल्फ आवडीने पाहतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली, त्या सकाळपासून त्यांची ही आवड फारच वाढली. मार्चअखेरीस गुरुग्रामला डीएलएफच्या मैदानावर इंडियन ओपन होते, ती त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावी असे मनात आहे. आतेभाऊ तिकडेच राहतो, त्यामुळे मुक्कामाची काळजी नाही.

क्रिकेटच्या सामन्याला आपण एका जागी बसतो आणि सारा खेळ समोर घडतो. इथे तर मैदानाच्या अठरा होल्सवर, म्हणजे अठरा वेगवेगळ्या टप्प्यांवर, एकाच वेळी खेळ चालू असतो. मग प्रेक्षकाने थांबावे कुठे, खेळाडूंच्या मागे चालत जाण्याची मुभा असते का, आणि दोनच दिवस मिळणार असतील तर ते कोणते निवडावेत? वडील रोज सकाळी कमाटी बागेत फेरी मारतात, पण दिवसभर चालणे त्यांना झेपेल असे वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

राजमहालरोड यांचे उत्तर

सर्वांत आधी एक गोष्ट काकांना सांगून ठेवा: गोल्फची स्पर्धा प्रत्यक्ष पाहायला गेलेल्या माणसाला संपूर्ण स्पर्धा कधीच दिसत नाही. टीव्हीवर निरनिराळ्या होल्सवरचे निवडक फटके एकापाठोपाठ एक दाखवतात, म्हणून घरी बसून आपल्याला सगळे कळल्यासारखे वाटते. मैदानावर तुमच्या वाट्याला एखादा कोपरा येतो, पण त्या कोपऱ्यात जे दिसते ते कॅमेऱ्यातून कधीही दिसत नाही, आणि माझ्या मते एवढ्या लांब जाण्याचे खरे कारण तेच आहे.

म्हणून पोहोचल्यावर थेट पहिल्या टीकडे, म्हणजे सुरुवातीचा फटका मारण्याच्या जागेकडे, न जाता आधी सरावाच्या जागी जा. तिथे खेळाडू आपल्यापासून काही पावलांवर उभे असतात. लोखंडी क्लबने (गोल्फच्या काठीने) मारलेल्या फटक्याचा आवाज, गवताचा पातळ तुकडा उडून पुढे पडणे, आणि लगेच कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, ओल्या टॉवेलने क्लबचा चेहरा पुसून तो पिशवीत ठेवणे हे सारे अगदी जवळून पाहता येते. एकच खेळाडू एकाच क्लबने पुन्हा पुन्हा चेंडू मारतो आणि ते सगळे जवळजवळ एकाच ठिकाणी जाऊन पडतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. शेजारी चिपिंगच्या, म्हणजे जवळून मारायच्या छोट्या फटक्यांच्या, सरावाचे ग्रीन (होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग) असते, तिथेही थोडा वेळ द्या. एसएसपी चौरसिया यांनी 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. कोलकात्यात मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा हा मुलगा फार लांब फटके मारणारा म्हणून कधीच ओळखला गेला नाही. त्याने नाव कमावले ते ग्रीनच्या आसपासच्या हलक्या, अचूक खेळावर.

त्यानंतर एखादा पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला, होल निवडून त्याच्या ग्रीनजवळ सावलीची जागा धरा. पार तीनच्या होलवर टीपासून शेवटच्या पटपर्यंतचा (पट म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका) सगळा खेळ एका जागेवरून दिसतो, आणि एकामागून एक गट आपोआप तुमच्यासमोर येत राहतात. डीएलएफचे मैदान गॅरी प्लेअर यांच्या आखणीचे, चढउतारांचे आणि खोल बंकरांचे (वाळूच्या खड्ड्यांचे) आहे. त्यामुळे काकांच्या वयाला हाच मार्ग सोयीचा वाटतो.

अकोटावासी यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील सरावाच्या जागेबद्दलच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र सारा दिवस एका जागी बसण्याशी नाही. एकाच ग्रीनजवळ बसल्यास कितीतरी गट येतात आणि जातात, पण कोणाचाही खेळ आपल्या मनात रुजत नाही. गोल्फमध्ये नाट्य असते ते एका माणसाच्या चार-पाच तासांच्या प्रवासात. चौथ्या होलवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाल्यावर तो पाचव्या टीवर कसा उभा राहतो, कॅडीशी काय बोलतो, जोखीम घेतो की सावधपणे खेळतो, हे त्याच्याबरोबर चालल्याशिवाय कळत नाही. निदान सहा-सात होल्स तरी एका गटाबरोबर चालावेत, आणि ते सकाळीच, कारण मार्चअखेरीस तिकडे दुपारचे ऊन चांगलेच जाणवते.

चालण्याची मुभा असते, फक्त दोराच्या बाहेरून. यात एक युक्ती आहे. गटाच्या मागून न जाता अर्धा होल पुढे राहावे. खेळाडू टीवर असताना आपण चेंडू पडण्याच्या अंतरावर दोराशी उभे असावे, ते तिथे येऊन दुसरा फटका मारण्याच्या तयारीत असताना आपण ग्रीनकडे निघावे. असे केले म्हणजे वडिलांना घाईही होत नाही आणि पुढची जागाही मिळते. कोणाच्या मागे जायचे, हे आदल्या संध्याकाळी जाहीर होणाऱ्या गटवारीवरून घरीच ठरवावे. सगळ्यांत प्रसिद्ध नाव टाळलेत तरी चालेल. त्या गटामागे गर्दी असते, तर एखादा भारतीय खेळाडू शेजारच्या होलवर तितक्याच तोलामोलाचे खेळत असतो आणि त्याच्या दोराशी मोजकी माणसे असतात. आपल्याकडील वाचकांना पुण्याचे उदयन माने आठवत असतील. टोकियोत अनिर्बान लाहिरींबरोबर तेही भारताकडून खेळले होते.

जाण्यापूर्वी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या गायकवाड बडोदा गोल्फ क्लबच्या कोणा सदस्याशी ओळख निघाली, तर एक सकाळ वडिलांना तिथे घेऊन जा. टीपासून ग्रीनपर्यंतचे अंतर डोळ्यांत बसले की व्यावसायिकांचा फटका किती दूर जातो, हे गुरुग्रामला पोहोचल्यावर नेमके उमगेल.

दांडियाबाजारकर

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी थोडे चालावे आणि दुपारी पार तीनच्या ग्रीनजवळ बसावे, असे ठरवतो आहे. वडिलांच्या दोन शंका आहेत. पहिली अशी की चेंडू प्रेक्षकांत येऊन पडला तर काय करायचे? आणि दुसरी, शुक्रवारी ‘कट’ होतो तो नेमका कसा?

निजामपुरा यांचे उत्तर

चेंडू येऊन पडला तर त्याला हात लावायचा नाही, पायानेही हलवायचा नाही. त्याच्याभोवती जागा मोकळी करून मार्शल (प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारा कार्यकर्ता) येईपर्यंत थांबायचे. उडत आलेला चेंडू चुकून प्रेक्षकाला लागला, तर खेळाडूला दंड होत नाही आणि तो जिथे थांबेल तिथून पुढे खेळतात. थांबलेला चेंडू कोणाच्या धक्क्याने हलला, तरीही दंड नसतो, मात्र तो मूळ जागी परत ठेवावा लागतो. म्हणून तो कुठे होता, हे पाहिलेल्या माणसाने तसे स्पष्ट सांगितले तर खेळाडूला मोठीच मदत होते. दुरून ‘फोर’ अशी हाक ऐकू आली, तर वर पाहत बसू नये. डोके हातांनी झाकून खाली वाकावे.

मार्शलने शांततेची पाटी वर केली की बोलणे थांबवावेच, पण चालणेही थांबवावे. खेळाडूच्या नजरेच्या रेषेत, म्हणजे चेंडू आणि होल यांच्या सरळ मागे, उभे राहू नये. आणखी एक गोष्ट मला फार खटकते. नावाजलेल्या खेळाडूचा चेंडू होलमध्ये गेला की गर्दी लगेच पुढच्या टीकडे धावते, आणि त्याच गटातल्या दुसऱ्याला मागची धावपळ ऐकत पट करावा लागतो. गटातल्या सगळ्यांचे चेंडू होलमध्ये जाईपर्यंत जागचे हलू नये. फोन नेऊ देतात की नाही, हे प्रत्येक स्पर्धेचे वेगळे असते. अमेरिकेतल्या मास्टर्समध्ये तर तो प्रेक्षकांना आत आणूच देत नाहीत. तेव्हा प्रवेशाच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

आता कटविषयी. स्पर्धा गुरुवार ते रविवार अशी चार फेऱ्यांची, म्हणजे एकूण 72 होल्सची असते. इंडियन ओपन ज्या मालिकेत मोडते त्या डीपी वर्ल्ड टूरच्या स्पर्धांत साधारणपणे दोन फेऱ्यांनंतर पहिले 65 आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे जातात, बाकीचे घरी. कट हुकलेल्याला बक्षिसाची रक्कमही मिळत नाही, प्रवासाचा आणि कॅडीचा खर्च मात्र झालेलाच असतो. म्हणून माझे मत विचाराल तर आपले दोन दिवस शुक्रवार आणि शनिवार असावेत. रविवारी विजेता ठरतो हे खरे, पण शेवटच्या गटांभोवती गर्दी इतकी असते की वयस्कर माणसाला माना उंचावूनच पाहावे लागते. शुक्रवारी दुपारी अंदाजे कटरेषेवर असलेला खेळाडू लीडरबोर्डवर शोधा आणि त्याचे शेवटचे तीन होल्स पाहा. सहा फुटांच्या पटसाठी तो चेंडूमागे नाणे ठेवून चेंडू उचलतो, पुसतो, खाली बसून दोन्ही बाजूंनी उतार बघतो. त्या पटवर त्याचा पूर्ण आठवडा अवलंबून असतो. पहिल्या क्रमांकासाठीची झुंज टीव्ही दाखवतोच, पासष्टाव्या क्रमांकाची मात्र क्वचितच दाखवतो.

राजधानीने जाणार असाल तर गुरुवारी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास दिल्लीत उतराल. तो दिवस काकांना विश्रांतीसाठी ठेवा आणि शुक्रवारी सकाळी ताजेतवाने होऊन मैदानावर जा. सपाट तळव्याचे बूट, टोपी आणि दुर्बीण बरोबर असू द्या. पहिल्या गटाच्या वेळेपूर्वी तासभर पोहोचलात, तर सरावाच्या जागी दोराला लागून उभे राहता येईल.