मदत हवी आहे: मेलानोमाच्या ऑपरेशनआधी अँटिबायोटिक आणि आतड्यातले जंतू

बाबांना (वय ६७, मधुमेह, मेटफॉर्मिन चालू) टाचेवर मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघालाय. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, जांघेतली गाठही तपासणार. रिपोर्ट पाहून नंतर इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) द्यावी लागेल असं डॉक्टर म्हणाले.

जखम चिघळलीये, पट्टी सोडली की पिवळसर पाणी येतं. म्हणून ऑपरेशनआधी ५ दिवस अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दिलंय. शिवाय चीर देण्याआधी तासाभरात सेफॅझोलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन. ॲलर्जी नाही. कालपासून दिवसातून चारदा पातळ शौचाला होतंय. ताप नाही, रक्त नाही. डॉक्टरांना फोनवर कळवलंय, ते उद्या बघणार आहेत. गोळ्या आम्ही मनाने बंद करणार नाही.

काळजी वेगळीच आहे. २०१८ साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासांत आतड्यातले जंतू आणि इम्युनोथेरपीचा परिणाम यांचा संबंध दिसला होता. अँटिबायोटिक घेतलेल्यांना फायदा कमी झाल्याचंही होतं. त्यावरून थेट कारण सिद्ध होत नाही हे मला समजतं. त्याच वर्षी 'सेल' या पत्रिकेतल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकने (चांगले जंतू असलेल्या औषधाने) मूळचे जंतू परतायला उलट उशीर लागला, म्हणून केमिस्टने दिलेल्या प्रोबायोटिकच्या कॅप्सूल तशाच ठेवल्यात. घरचं ताक, ज्वारीची भाकरी, डाळ चालू आहे.

त्वचारोग, कॅन्सर किंवा पोटाचे डॉक्टर इथे असतील तर सांगा: इंजेक्शनचा एकच डोस आणि ५ दिवसांच्या गोळ्या, आतड्यातल्या जंतूंवर यांच्या परिणामात नेमका किती फरक पडतो? आणि इम्युनोथेरपी सुरू करण्याआधी अँटिबायोटिक थांबवून किती आठवडे जाऊ द्यावेत, की त्यासाठी उपचार लांबवूच नयेत?