वडिलांच्या बाजूने येणारा कर्करोगाचा धोका: जनुकीय चाचणी आधी कोणी करावी?

अबोली
नमस्कार. माझे वय ३४ आहे. माझ्या आत्याला वयाच्या ५२ व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे नुकतेच निदान झाले. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, स्तनाच्या कर्करोगाने चाळिशीतच गेली आणि आजीची धाकटी बहीण 'पोटात पाणी होऊन' गेली, एवढेच घरात सांगितले जाते. आईच्या माहेरी कोणालाही कर्करोग नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी 'वडिलांकडचा इतिहास यात धरायचा नसतो' असे सांगून विषय संपवला, पण माझे समाधान झालेले नाही. घरून लाळेचा नमुना नेऊन बीआरसीए, म्हणजे स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांची, चाचणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नाव नोंदवावे असे मनात आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर मी निर्धास्त व्हावे का? आत्याची केमो सुरू असताना तिच्याकडे हा विषय काढणे मला क्रूरपणाचे वाटते.

रानजाई
मी जनुकीय समुपदेशनाचे काम करते. वडिलांकडचा इतिहास धरायचा नसतो, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. बीआरसीए१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आणि बीआरसीए२ हे १३ व्या गुणसूत्रावर असते. ही गुणसूत्रे आई आणि वडील या दोघांकडूनही मुलांना मिळतात. सदोष प्रत असलेल्या वडिलांकडून ती मुलीकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते, मग वडिलांना स्वतःला काहीही झालेले नसले तरीही.

चाचणी मात्र आधी आत्याची व्हावी. तिच्यात दोष सापडला, तर तो जनुकात नेमका कुठे आहे हे कळते आणि त्यानंतर तुमच्या वडिलांची व तुमची तपासणी केवळ त्या एका जागेपुरती, पुष्कळ कमी खर्चात होते. अशा तपासणीत आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवता येतो, कारण घरातला तो दोष तुमच्याकडे आलेला नाही आणि तुमच्याकडून तो मुलांकडेही जाणार नाही, एवढे त्यातून नक्की होते. आत्याला वगळून तुम्ही एकट्यानेच चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर दोष घरात असूनही तुमच्याकडे आला नाही, की तो या चाचणीत न पाहिलेल्या दुसऱ्याच जनुकात आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

आजीच्या बहिणीविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा विचारा. पोटात पाणी यकृताच्या विकाराने किंवा क्षयानेही होते, परंतु अंडाशयाचा कर्करोग पुष्कळदा तसाच लक्षात येतो आणि जुन्या पिढीत त्याची नोंद एवढ्याच शब्दांत राहिलेली असते. आम्ही वंशवृक्ष काढताना स्त्रीसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन काढतो, आजारी व्यक्तीची आकृती भरून काळी करतो आणि शेजारी निदानाचे वय लिहितो. तुमच्या कागदावर वडिलांच्या बाजूची दोन वर्तुळे आत्ताच काळी आहेत. तिसऱ्याचा निर्णय आजीच्या बहिणीच्या जुन्या कागदपत्रांवर किंवा कोणाच्या आठवणीवर अवलंबून आहे.

सांजवेळ
मी स्वतः अंडाशयाच्या कर्करोगाची रुग्ण आहे आणि मला माझ्या भाचीनेच विचारले होते. त्यात क्रूरपणा वाटला नाही. उलट आपल्या आजारातून पुढच्या पिढीच्या हाती काही लागू शकते, याने मला धीर आला. शिवाय ही चाचणी आत्यांच्या स्वतःच्या उपचारासाठीही महत्त्वाची आहे, कारण बीआरसीए दोष असल्यास केमोला चांगला प्रतिसाद मिळाल्यानंतर ओलापरिबसारखी औषधे देता येतात. त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा; विषय काढण्याचा भार तुमच्या एकटीवर राहणार नाही.

अबोली
मनापासून आभार. आत्याशी मी बोलेन. समजा तिच्यात आणि माझ्यातही दोष निघाला, तर पुढे काय करायचे असते?

रानजाई
पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांच्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए२ मध्ये हे आकडे ६९ आणि १७ आहेत. स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय करून लक्ष ठेवता येते. अंडाशयासाठी तशी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुले झाल्यावर, बीआरसीए१ असल्यास साधारण ३५ ते ४० या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. त्याने पाळी अकाली थांबते आणि हाडांवरही परिणाम होतो, त्यामुळे हा निर्णय घाईने घ्यायचा नसतो. वडिलांमध्ये दोष निघाल्यास त्यांचीही प्रोस्टेटची तपासणी सुरू करावी लागेल; पुरुषांचे हे नेहमी राहून जाते.

एक महत्त्वाचे राहिले. रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ बदल सापडला, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही, असा होतो. केवळ तेवढ्यावर कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नका, आणि आत्यांचा रिपोर्ट हाती येईपर्यंत लाळेचा नमुना पाठवण्याचे थांबवा.