१ मेच्या आत होकार द्यायचाय: दोन ॲवॉर्ड लेटर समोर आहेत, खरं स्वस्त कुठलं?

एडिसनची आई | २० एप्रिल २०२६

नमस्कार मंडळी,

मुलीला बायोमेडिकल इंजिनीअरिंग करायचंय. बरीच कॉलेजं चाळून शेवटी दोन उरलीत. एक आमच्या न्यू जर्सीतलंच सरकारी विद्यापीठ, दुसरं पेन्सिल्व्हेनियातलं खाजगी कॉलेज. दोन्हीकडे १ मेपर्यंत होकार कळवायचाय. आम्ही दोघंही पुण्यात शिकलो. तिथं यादीत नाव लागलं, फी भरली, प्रवेश झाला. इथल्या ॲवॉर्ड लेटरची, म्हणजे किती आर्थिक मदत मिळेल ते सांगणाऱ्या पत्राची, भाषा आम्हाला नवी आहे.

सरकारी विद्यापीठाने वर्षाचा एकूण खर्च ३८,२०० डॉलर दाखवलाय. मेरिट स्कॉलरशिप ६,०००, लोन ५,५००, आणि शेवटची ओळ: तुमच्याकडून २६,७००.

खाजगीचा खर्च ८४,६००. मेरिट ३४,०००, कॉलेजची ग्रँट ८,५००, लोन ५,५००, वर्क-स्टडी २,८००, पेरेंट प्लस लोन २०,०००. शेवटची ओळ: तुमच्याकडून १३,८००.

म्हणजे महागडं कॉलेज आम्हाला निम्म्यात पडतंय का? कॅम्पस बघून आल्यापासून मुलीच्या तोंडी तेच एक नाव आहे.

त्यात फेब्रुवारीत ह्यांची नोकरी गेली. फॅफ्सामध्ये, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, २०२४ चं उत्पन्न धरलंय, तेव्हा दोघांचे पगार चालू होते. आता माझ्या एकटीच्या पगारावर घर आहे.

पोर्टलवर प्रत्येक रकमेसमोर स्वीकारा किंवा नाकारा असं येतंय. स्वीकारा दाबलं की प्रवेश पक्का होतो का? लोन आत्ता नको म्हटलं तर स्कॉलरशिपही जाईल का? हे म्हणतात, दोन्हीकडे डिपॉझिट भरू आणि मे महिन्यात शांतपणे ठरवू. मला ते बरोबर वाटत नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

ह्यूस्टनकर | २० एप्रिल

वहिनी, दोन डिपॉझिट भरणारे पुष्कळ आहेत. आमच्या ओळखीत एकांनी भरली होती, एका ठिकाणचे पैसे बुडाले, बाकी काही झालं नाही. नोकरी गेलेली असताना थोडा वेळ विकत घेतला तर काय बिघडलं?

मेरीलँडची मावशी | २१ एप्रिल

एडिसनच्या ताई, मी बरीच वर्षं एका सरकारी कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसात काम करते. एप्रिलच्या शेवटी माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या आईवडिलांच्या हातात हुबेहूब तुमच्यासारखीच दोन पत्रं असतात, आणि बहुतेकांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर असतं. ती ओळ आधी खोडून टाका.

त्या ओळीत कर्जही मदत म्हणून वजा केलंय. तुम्हीच घ्यायचं, तुम्हीच व्याजासकट फेडायचं, त्याला मदत कसं म्हणायचं? परत करावे लागत नाहीत तेवढेच पैसे मोजा. सरकारी विद्यापीठात ते ६,००० आहेत, म्हणजे खरा खर्च ३२,२००. खाजगीत ३४,००० आणि ८,५०० मिळून ४२,५००, म्हणजे खरा खर्च ४२,१००. खाजगी कॉलेज निम्म्यात नाही, वर्षाला ९,९०० डॉलरने महाग पडतंय. चार वर्षांत हा फरक चाळीस हजारांच्या घरात जातो, आणि दर वर्षीची फीवाढ त्यात धरलेली नाही.

आता पेरेंट प्लस. हे लोन मुलीच्या नाही, तुमच्या नावावर असतं. २०,००० मंजूर झाले तरी चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. आणि या वर्षी एक मोठा बदल झालाय. १ जुलै २०२६ पासून नव्याने लोन घेणाऱ्या पालकांना एका मुलासाठी वर्षाला जास्तीत जास्त २०,००० आणि सगळी वर्षं मिळून ६५,००० एवढंच मिळेल. पत्रात दाखवल्याप्रमाणे दर वर्षी २०,००० उचललेत तर तिसऱ्या वर्षाअखेर ६०,००० होतात. चौथ्या वर्षाला फक्त ५,००० उरतात. मग ऐन शेवटच्या वर्षी १५,००० आणायचे कुठून? खाजगी बँकेकडे, तिच्या व्याजाने. पहिल्या वर्षाच्या पत्रात हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

तुमच्या प्रश्नाकडे येते. प्रवेशाचा होकार म्हणजे डिपॉझिट. पोर्टलवर रक्कम स्वीकारणं हे वेगळं काम आहे, एकाने दुसरं आपोआप होत नाही. लोन नाकारलं म्हणून मेरिट किंवा ग्रँट जात नाही. लोन कमी करूनही घेता येतं, ५,५०० पैकी ३,५०० च हवेत असं सांगता येतं. मात्र काही कॉलेजांत मेरिट स्कॉलरशिपला स्वतःची वेगळी तारीख असते, ती पत्राच्या दुसऱ्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असते. होस्टेलची तारीखही वेगळी असू शकते. दोन्ही आजच बघून ठेवा.

ह्यूस्टनकर दादा, राग मानू नका, पण दोन डिपॉझिटं भरायला मी कुणालाच सांगणार नाही. डिपॉझिट भरताना मुलगी ‘मी इथे येणार’ असं लिहून देते. दोन ठिकाणी तेच लिहून देणं म्हणजे एका ठिकाणी खोटं लिहून देणं, आणि कळलं तर कॉलेज प्रवेश काढून घेऊ शकतं. तिच्या जागेची वाट बघत वेटलिस्टवर दुसरं कुणाचं तरी मूल असतं. वेळ हवा असेल तर सरळ मागा. ‘नोकरी गेल्यामुळे फेरविचाराचा अर्ज करतोय, निर्णय येईपर्यंत डिपॉझिटला मुदतवाढ मिळावी’ अशी ईमेल ॲडमिशन ऑफिसला करा. कारण खरं असेल तर बरीच कॉलेजं देतात. उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या होकारावर थांबू नका.

आणि तो फेरविचाराचा अर्ज हेच सध्या तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. फॅफ्सात २०२४ चंच उत्पन्न लागतं, ते तुम्ही स्वतः बदलायचं नाही. पण नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, घटस्फोट झाला, तर कॉलेजचा एड ऑफिसर कागद बघून आकडे बदलू शकतो. तो अधिकार त्याला कायद्यानेच दिलाय, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. ह्यांचं नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पेस्लिप, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेले पैसे) मिळाला असेल तर त्याचा कागद, बेरोजगारी भत्त्याचा तपशील आणि २०२६ मध्ये घरात एकूण किती येईल याचा प्रामाणिक अंदाज, एवढं जोडा. प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय घेतं, म्हणून अर्ज दोन्हीकडे करा. पत्र एक पानाचं पुरे. दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं म्हणून तुम्हीही द्या, या सुरात सुरुवात करू नका. काय बदललं आणि कधी बदललं, तेवढं लिहा. डिपॉझिट भरण्याआधी हे करा. नंतरही करता येतं, पण हातात दोन पर्याय असतानाच उत्तर आलं तर त्याचा उपयोग होतो.

न्यू जर्सीचीच टॅग ग्रँट आहे, ती राज्यातल्या कॉलेजांनाच लागू होते. उत्पन्न घटल्याचं ती देणाऱ्या हेसा या राज्य संस्थेला वेगळं विचारा.

एक नाजूक गोष्ट. पुण्यात फ्लॅट किंवा मुदत ठेवी असतील तर त्या फॅफ्सात दाखवाव्या लागतात. राहतं घर आणि रिटायरमेंटची खाती मोजत नाहीत, पण भारतातलं दुसरं घर मोजतात. हे राहून गेलं असेल तर अपीलाआधी दुरुस्त करा. घाबरू नका, पालकांच्या मालमत्तेचा फार तर ५.६४ टक्के भाग हिशेबात धरतात.

सोफोमोर | २१ एप्रिल

काकू, मावशींनी वर्क-स्टडीबद्दल लिहिलं नाही म्हणून सांगतो. ते २,८०० बिलातून वजा होत नाहीत. कॅम्पसवर काम शोधावं लागतं, केलेल्या तासांचा पगार मुलीच्या खात्यात येतो. मी लायब्ररीत काम करतो. त्यातून जेवण, पुस्तकं, घरी यायची बसची तिकिटं निघतात, पण ऑगस्टचं बिल आईबाबांनाच भरावं लागलं.

आणि मेरिट टिकवायला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किती लागतो ते नक्की विचारा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकदम येतात. माझ्या रूममेटला ३.५ ची अट होती, पहिल्या सेमिस्टरनंतर त्याची झोप उडाली. ३.० असेल तर श्वास घ्यायला जागा राहते. एखादा विषय मध्येच सोडला आणि १२ क्रेडिट्सच्या खाली गेलं तरी स्कॉलरशिप अडकू शकते.

एडिसनची आई | २७ एप्रिल

मावशी, तुमचे आभार कसे मानू? तुमचा हिशेब कागदावर मांडून मुलीला दाखवला. आधी रडली. मग तिनेच चार वर्षांचा तक्ता केला आणि चौथ्या वर्षाच्या १५,००० भोवती लाल गोल काढला.

दोन्हीकडे अर्ज केले. खाजगी कॉलेजने ८ मेपर्यंत लेखी मुदत दिली. त्यांची जीपीएची अट ३.४ आहे, सरकारीची ३.०. पुण्याचा फ्लॅट फॅफ्सात होता, ते एक बरं झालं. सरकारी विद्यापीठ म्हणालं की अपीलाचा निर्णय जूनमध्ये येईल, पण १ मे बदलणार नाही. खाजगीने ग्रँट बरीच वाढवल्याशिवाय तिथं जायचं नाही, असं मुलगी स्वतःच म्हणतेय.

दोन शंका आहेत. सरकारीच्या पोर्टलवर ५,५०० चं लोन सगळं अनसबसिडाइज्ड आहे, खाजगीत मात्र त्यातले ३,५०० सबसिडाइज्ड दाखवलेत. असं का? आणि इथल्या मराठी मंडळाची २,००० ची शिष्यवृत्ती तिला मिळतेय. ती कळवली तर कॉलेज आपली रक्कम कापेल का?

मेरीलँडची मावशी | २८ एप्रिल

शाब्बास पोरीची!

सबसिडाइज्ड लोनचं व्याज ती शिकत असेपर्यंत सरकार भरतं, म्हणून ते गरज दाखवल्यावरच मिळतं. गरज म्हणजे कॉलेजचा खर्च वजा तुमचा एसएआय (फॅफ्सावरून निघणारा, घरची ऐपत सांगणारा आकडा), वजा आधीच मिळालेली मदत. सरकारीचा खर्चच कमी आहे, त्यामुळे २०२४ च्या पगारांवर तिथं गरज शून्य निघाली. अपील मंजूर होऊन एसएआय खाली आला तर त्याच लोनमधले ३,५०० पर्यंत सबसिडाइज्ड होऊ शकतात. म्हणून लोनला आत्ता हातच लावू नका. त्या ओळीखाली वेगळी तारीख नसेल तर ते जून-जुलैतही स्वीकारता येतं. प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचा करार) आणि एन्ट्रन्स काउन्सेलिंग (कर्जाच्या अटी समजावणारं सत्र) तेव्हाच करा, दोन्ही मुलीने स्वतः करायची असतात.

शिष्यवृत्ती कळवावीच लागते. बाहेरून पैसे आले म्हणून कॉलेजने आपली मदत कापायची, याला अटकाव करणारा पहिला कायदा आमच्या मेरीलँडने २०१७ मध्ये केला. न्यू जर्सीतही सरकारी कॉलेजांसाठी तसा कायदा आहे, एकूण मदत खर्चाच्या वर गेल्याशिवाय कापता येत नाही. खाजगी कॉलेज आपल्या नियमाने चालतं. ‘आधी लोन कमी कराल की ग्रँट?’ एवढंच ईमेलवर विचारा.

आता १ मे. सरकारीचं डिपॉझिट त्यांच्या तारखेआधी भरायला हवं, आणि खाजगीची मुदत ८ मेपर्यंत आहे. तेव्हा आज सकाळीच खाजगीच्या एड ऑफिसला फोन करा, सरकारीची तारीख शुक्रवारी रात्री संपतेय हे सांगा आणि अपीलाचं उत्तर त्याआधी मिळेल का विचारा. नाही म्हणाले तर मुलीने गुरुवारी सरकारीचं डिपॉझिट भरावं आणि त्याच दिवशी खाजगीला आभार मानून लेखी नकार कळवावा. डिपॉझिटची रक्कम जड जात असेल तर ती माफ करायची किंवा पुढे ढकलायची सोय काही ठिकाणी असते, तेही विचारा. ॲडमिशनची माणसं संध्याकाळी पाचनंतर फोन उचलत नाहीत, तेव्हा जेवणाच्या सुट्टीआधी लावा.