बाबांची शुगर कंट्रोलमधे पण मांड्या पार उतरल्यात, प्रोटीन वाढवू का?

साताऱ्याची_लेक:
बाबा 68 चे, शुगरला 14 वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालूय. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 6.9 आलं म्हणून घरात सगळे खूश, पण वर्षात 71 चे 64 किलो झालेत, पट्ट्याला दोनदा नवीन भोक पाडलं आणि आता कमोडवरून उठताना नळ धरावा लागतो. आई दोन्ही वेळा एक भाकरी, पालेभाजी, पातळ वरण एवढंच देते. भाऊ म्हणतो प्रोटीन पावडरचा डबा आणू, आई म्हणते त्याने किडनी जाते. कोणाचं ऐकू?

वरणभात_वाला:
ताई, आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीच्या टेस्ट) बघा, आईची भीती अगदीच खोटी नाही. पण किडनी अधू असली (डायलिसिस नसेल तर) तरी किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतातच, म्हणजे बाबांना 51 ग्रॅम. किडनी ठीक असेल तर या वयात 1 ते 1.2 सांगतात. आता तुमचा हिशोब लावा, दोन भाकऱ्यांचे 10, वरणाच्या दोन वाट्यांचे फार तर 8, भाजीचे किरकोळ... विशीतच अडकलं की गाडं! आमच्याकडेही हेच, मूठभर तूरडाळ चौघांत, वरण कसलं, पिवळं पाणी ते.

अंडं_चालतं_का:
डबा राहूद्या हो. एका अंड्यात 6 ग्रॅम, पनीर 100 ग्रॅमला 18, सोयाबीनच्या वड्या कोरड्या 30 ग्रॅम घेतल्या तर 15. वरण घट्ट करा, सकाळी मुगाचं धिरडं द्या, आणि सगळं एकदम रात्री नको, तिन्ही वेळा थोडं थोडं.

गुडघे_बोलतात:
नुसतं खाऊन मांड्या भरत नाहीत, स्नायूंना काम पाहिजे. आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात, त्यामुळे ते झिजले की शुगर सांभाळणंही अवघड. बाबांना खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठबस करायला लावा आणि मोबाईलवर वेळ लावा, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना सांगायचं. ग्लिमेपिराइड (शुगरची दुसरी एक गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर व्यायामात शुगर खाली जाऊ शकते, डोळ्याचा पडदा तपासलेला नसेल तर जड वजनं उचलू नका. आणि एक, 7 किलो न सांगता गेले हे डाएटच्या नावावर खपवू नका, थायरॉइड वगैरे बघायला सांगा.

साताऱ्याची_लेक:
आत्ताच केलं. 19 सेकंद, आणि चौथ्यांदा हात टेकलाच. बाबा म्हणतात खुर्चीच बुटकीय. सोमवारी रिपोर्टला नेतेय, आईने आज अंडी आणलीत पण वेगळ्या भांड्यात शिजवणारे म्हणे.