सलग मका-गहू घेतल्यावर मुळांवरची मायकोरायझा टिकते का?

शिवार_जालना: मध्यम काळी जमीन, तीन वर्षं खरिपात मका आणि रब्बीत गहू. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद (फॉस्फरस) ‘जास्त’, तरी गहू फुटवे कमी धरतो आणि जस्ताची कमतरता दिसते. सततच्या तृणधान्याने मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला स्फुरद-जस्त आणून देणारी बुरशी) संपते का? तिची विकतची पावडर गूळ-पाण्याच्या ड्रमात वाढवून पाटपाण्यातून सोडली तर चालेल का?

मुळाक्षर: संपत नाही. मका, गहू, ज्वारी या सगळ्यांच्या मुळांत ती राहते. बदलतात त्या बुरशीच्या जाती. वर्षानुवर्षं तीच मुळं मिळाली की भराभर बीजाणू धरणाऱ्या थोड्या जाती माजतात, आणि त्या पिकाच्या उपयोगाच्या असतीलच असं नाही. अमेरिकेत मिनेसोटात सलग मका आणि सलग सोयाबीनच्या रानांत असंच आढळलं: ज्या पिकाखाली ज्या जाती वाढल्या, त्यांच्या वाढीबरोबर त्याच पिकाचं उत्पादन घटलेलं होतं.

तुमच्याकडे माझा पहिला संशय मात्र डीएपी या स्फुरदाच्या खतावर. स्फुरद मुबलक असलं की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडतं. मग जस्त आणून देणारे बुरशीचे धागेही कमी होतात. एकरी एक गोणी (२३ किलो स्फुरद) टाकत असाल तर अर्धी करा. झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो वेगळं द्या. डीएपीत मिसळलं तर अडकून बसतं.

सूक्ष्मदर्शी: ड्रमाचा नाद सोडा. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी गुळावर वाढते, मायकोरायझा फक्त जिवंत मुळावर. ड्रमात जे फसफसेल ते दुसरंच काही असेल. पावडर पेरताना ओळीत, बियाण्याच्या खाली पडायला हवी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला ती चोळू नका.

आणि विकत घेण्याआधी मुळं तपासा. पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनी दहा झाडांची बारीक मुळं घ्या, धुवून १ सेंमीचे तुकडे करा. १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ९० अंशांवर अर्धा तास ठेवा (हातमोजे, चष्मा हवाच). स्वच्छ धुवा, ५ टक्के काळी शाई घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ३ मिनिटं उकळा, मग दोन-चार थेंब व्हिनेगरच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत झुडपासारखी रंगलेली रचना दिसली तर बुरशी कामावर आहे. पोटॅशमध्ये जास्त वेळ राहिलं की मुळाची साल गळते आणि बुरशीही तिच्याबरोबर जाते. मग ‘काहीच नाही’ असा खोटा निकाल मिळतो. शाईही प्रत्येक रंगतेच असं नाही, आधी एका तुकड्यावर बघा.

शिवार_जालना: फेरपालटाला मोहरी चालेल?

मुळाक्षर: नको. मोहरी, कोबी, फ्लॉवर, पालक, बीट यांच्या मुळांवर ती बसतच नाही. गव्हाऐवजी एक रब्बी हरभरा घ्या, मक्यात तुरीच्या ओळी टाका. रोटाव्हेटरच्या फेऱ्याही कमी करा, धाग्यांचं जाळं तुटतं. रान फार काळ मोकळं ठेवणंही वाईट: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये लांब पडीनंतरच्या पिकांत स्फुरद आणि जस्त कमी पडतं, ते याच बुरशीच्या अभावी. पाणी असेल तर उन्हाळी मूग पेरा.