थंडीतली गस्त गावाने घालायची का पोलिसांनी?

घोडकाठचा:
राम राम मंडळी. परवा आमच्या नदीकाठच्या सात मोटारींच्या केबल गेल्या, एका रात्रीत सात. सकाळी मोटार चालू करायला गेलो तर स्टार्टरच्या पेटीतून वीतभर तुकडा लोंबतोय आणि खाली जमिनीत नुसती उकरलेली खाच. जळका वास कुठून येतोय म्हणून ओढ्यात उतरलो तर तिथंच जाळलीये, दगडाला काळं प्लॅस्टिक डांबरासारखं चिकटलेलं, हात लावला तर अजून कोमट. तांबं त्यांनी नेलं, साल आम्हाला ठेवली. नवीन केबलला बावीस हजार गेले, कांद्याची लागण अर्ध्यात, पाणी थांबवून चालतंय का? तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, बिल आहे का? अहो दहा वर्षांपूर्वीच्या वायरचं बिल कोण जपून ठेवतं.

तर माझं म्हणणं एवढंच की आत्तापासून शिमग्यापर्यंत गावाने रात्रीची गस्त धरावी. घरटी एक माणूस, बारा दिवसांतून एकदा पाळी. थंडीत दहालाच गाव दारं लावून गोधडीत, खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा राखेत मुटकुळं करून पडलेली, दारातला ट्रॅक्टर नेला तरी कळायचं नाही. आमच्या बीटला हवालदार दोन आणि गावं दीड डझन. त्यांची गाडी रात्री एकदा डांबरीवरून सायरन वाजवत जाते, म्हणजे चोरालाही कळतं की आता पहाटेपर्यंत मोकळीक. त्यांच्या भरवशावर किती दिवस बसायचं?

पारावरचा:
एकदम बरोबर दादा. आम्ही मागच्या वर्षी केली होती, चालू होती तोवर एक बोल्ट गेला नाही गावातून. पण तिसऱ्या आठवड्यात पाळीला चौघांतला एक यायला लागला, तोही शेकोटीपाशी बसून मोबाईलवर मॅच बघत. बंद पडली. तरी करायलाच पाहिजे, नाहीतर या वेळी ते घरात घुसतील.

तिखटमीठ:
माझा साफ विरोध आहे, गावचाच आहे म्हणून बोलतोय. रात्री दोनला हातात काठ्या घेतलेली पंचवीस पोरं, निम्म्यांची झोप झालेली नाही, काहींनी लावलेली पण असते, आणि समोरून अनोळखी मोटारसायकल आली की काय होतं ते आपण बघितलंय. २०१८ च्या १ जुलैला साक्री तालुक्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेले मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी पोरं पळवणारे समजून ठेचून मारले, तेही दिवसाढवळ्या, ग्रामपंचायतीच्या खोलीत. एप्रिल २०२० मध्ये पालघरकडं गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथंही चोर फिरतायत अशी हवा होती म्हणूनच गावं रात्री जागत होती ना? केबल बावीस हजारांची असेल भाऊ, माणसाची किंमत काय लावायची? चोरी थांबवायला पगार पोलिसांना मिळतो, तो रोज मागा. तहसीलला मोर्चा काढा, मी पुण्याहून रजा टाकून येतो.

घोडकाठचा:
पुण्यात वॉचमन असलेल्या सोसायटीत बसून हे बोलणं सोपं आहे. आम्ही कुणाला मारायला नाही निघालो. आणि मोर्चे दोन काढून झालेत, निवेदनाची पोच घरात फ्रेम करून लावली तरी केबल जायची थांबत नाही.

मेंढरामागं:
मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. आमचा वाडा दिवाळीनंतर तुमच्याच भागात उतरतो, तुम्हीच बोलावता खतासाठी, मेंढरं शेतात बसवायला. दिवसा शेतमालक चहा पाजतो आणि रात्री गस्तीवाले पहिली बॅटरी आमच्या पालावर मारतात. मागच्या पौषात माझ्या पुतण्याला ओळखपत्र दाखव म्हणून दीड तास उभा केला, थंडीत, अंगात नुसती बंडी. तेवढ्यात लांडग्याने दोन कोकरं उचलली. त्याची भरपाई कोण देणार होतं? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला, त्या माणसांना विमुक्त म्हणायला लागले, पण बॅटरी पहिली कुठं मारायची हे अजून ठरलेलंच आहे. आम्ही तर त्या यादीत पण नव्हतो. पालात राहतो एवढंच. गस्त घाला, माझी ना नाही, आम्ही तर रात्रभर जागेच असतो. आम्हाला कधी कोण विचारत नाही की बाबा रात्री इकडून कोण गेलं.

डीपीवाला:
मेंढके मामांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे, बाकी भांडण चालू द्या. मी लाईनवर काम करतो म्हणून एक सांगतो. केबल कधी कापतात? थ्री फेज, म्हणजे मोटारीची लाईट, बंद असताना. चालू वायरला कोण हात लावेल. म्हणजे ज्या आठवड्यात लाईट दिवसाची, त्या आठवड्यात रात्री वायर मेलेली आणि शेतात पण कुणी नाही. रात्रपाळीची लाईट असली की शेतकरी स्वतः बांधावर असतो. चोराला आपलं टाइमटेबल तोंडपाठ आहे. आता सगळेच दिवसाची लाईट मागतोय, सोलरवर ती यायला पण लागलीये, चांगलंच आहे, बिबट्याच्या तोंडी जायला नको, पण रात्री केबल बाराही महिने मेलेली राहणार हे धरून चाला. त्यामुळे गस्त गावठाणात घालून उपयोग नाही आणि रोज पण नको. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात, नदीच्या बाजूने. बास.

माहेरवाशीण:
मोटारी, केबल, डीपी, सगळं झालं. घरात कोण असतं ते पण बोला. पुरुष गस्तीला गेले की वस्तीवरच्या घरात सासूबाई, मी आणि दोन लेकरं, शेजारचं घर तीन शेतं पलीकडे. गस्त असली की मलाच जास्त भीती वाटते. आणि आमची घरफोडी झाली ती रात्री नाही, तुळशीचं लग्न झाल्यावर लग्नसराई सुरू होते ना, तेव्हा दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला. सगळा गाव मांडवात. कडीकोयंडा उचकटलेला पण नव्हता, किल्ली नेहमीच्या कोनाड्यात होती, ती घेऊन कपाट उघडलं आणि परत जागेवर ठेवून गेले! गंठण गेलं. आता ही माहिती बाहेरच्याला कशी? लग्नपत्रिकेवर तारीख-वेळ छापून आपणच पाचशे घरी वाटतो. त्यामुळे दुपारी वस्तीवर फिरायला आमच्या बचत गटातल्या चार बायका ठेवा, मी तयार आहे.

पारावरचा:
ताई हे खरंय. आमच्याकडे पण लग्नाच्याच दिवशी झालं होतं, विसरलोच होतो.

जुना खाकी:
मी खात्यातून निवृत्त झालोय, दोन्ही बाजूंना थोडं ऐकवतो. गावाची गस्त ही काही बेकायदा भानगड नाही, ग्रामसुरक्षा दल पोलीस कायद्यातच बसतं आणि १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमलेला आहे तो त्यासाठीच. पण नावांची यादी ठाण्यात गेलेली पाहिजे, वही पाहिजे, कोण किती वाजता कुठं होतं ते लिहिलेलं पाहिजे. यादीत नाही तो गस्तीत नाही. साधा माणूस चोराला धरू शकतो, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४० आहे, पण गुन्हा त्याच्यासमोर घडलेला पाहिजे, गुन्हा अजामीनपात्र आणि दखलपात्र पाहिजे आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. संशय आला म्हणून बांधून ठेवलं तर आत तुम्ही जाणार. ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर बघा, लांबून उजेड टाका, संपलं तुमचं काम.

आणि तिखटमीठ, नुसतं पोलिसांकडे मागून पण होत नाही. भिवंडीत १९८४ ला केवढी दंगल झाली होती, पुढे ८८ च्या सुमाराला तिथं पोलीस उपायुक्त होते सुरेश खोपडे, त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात कमिट्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं आणि बीटचा शिपाई एकत्र बसायचे. ९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. काठीने नाही राहिली, शिपायाला गल्लीतली माणसं नावानिशी माहीत होती म्हणून राहिली.

तिखटमीठ:
काका, आदर आहे, पण गडचिंचल्याला पोलीस समोर उभे होते. वर्दी हजर असली म्हणजे जमाव ऐकतो असं नाही. भिवंडीचं पटतं, पण तिथं कमिटी आधी बसली, चार वर्षं बसली. आपण केबल गेल्यावर आठव्या दिवशी काठ्या उचलतोय.

जुना खाकी:
हे मान्य. म्हणून तर म्हणतो काठ्या घरी ठेवा. आणि भंगारवाल्यांकडे बघा आधी. जळकं तांबं कुठं तरी विकलं जातंच, ते कुणी घेतलंच नाही तर रात्रीचं ओढ्यात बसून जाळणार कशाला? आमच्या वेळी थंडी पडली की पहिली चक्कर भंगाराच्या दुकानांनाच असायची.

घोडकाठचा:
बरं ठीक. तालुक्याचे भंगारवाले तपासा असं निवेदन परत देतो, तिसरं. यादी पोलीस पाटलांकडे देऊ. लाईटच्या टाइमटेबलप्रमाणे नदीकडची पाळी लावू, रोज नको. ताई, दुपारचं तुम्ही बघा, वहीत नावं घालतो. मेंढके मामा, तुमचा नंबर पाठवा, तुमच्या वाड्याला बॅटरी नाही मारणार, आधी फोन करू. पुतण्याचं झालं ते चुकलं, त्या रात्री मी पण होतो तिथं.

मेंढरामागं:
माहिती आहे. ओळखलं होतं तुम्हाला, कानटोपी लाल होती. नंबर पाठवला.

तिखटमीठ:
मी अजूनही विरोधात आहे. पण मीटिंगला येतो, वहीत काय लिहिता ते बघायला.

घोडकाठचा:
या. शनिवारी रात्री आठ, मारुतीच्या पारावर. शिट्ट्या मी आणतोय, काठ्या कुणी आणायच्या नाहीत.

पारावरचा:
दादा एक शंका, उसातून बिबट्या निघाला तर त्याला पण शिट्टीच वाजवायची का?