आठ वर्षांचे, पण नक्षी शिल्लक असलेले टायर बदलावेत का, आणि बदलल्यास कोणते घ्यावेत?

चतुर्थीचा प्रवासी:

नमस्कार. आमच्याकडे जून २०११ मध्ये नोंदणी झालेली पेट्रोल स्विफ्ट आहे. पंधरा वर्षे पूर्ण होत आल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर वगैरे सोपस्कारांची तयारी चालू आहे. त्यासाठी गाडी गॅरेजमध्ये उचलून पाहिली, तेव्हा टायरांचा विषय निघाला. सध्याचे चारही टायर २०१८ साली घातलेले असून त्यांचे माप १६५/८० आर १४ आहे. आजवर ते तेहतीस हजार किलोमीटर चालले आहेत. नक्षी अजून चार मिलिमीटरच्या आसपास शिल्लक आहे, परंतु कडेच्या रबरावर, रिमला लागून, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा दिसू लागल्या आहेत.

गॅरेजवाल्यांच्या मते हे टायर आणखी दोन पावसाळे सहज काढतील. टायरच्या दुकानदाराने मात्र चारही ताबडतोब बदलायला सांगितले, आणि बदलणारच असाल तर १८५/७० आर १४ हे रुंद माप घाला, गाडी रस्ता धरून चालेल, असा सल्लाही दिला. दोघांचाही हेतू चांगला असेल, पण माझा निर्णय होत नाही.

गाडीचा वापर सांगतो. एरवी ती कोल्हापूर शहरातल्या शहरात फिरते. महिन्यातून एकदा आजरा आणि आंबोलीमार्गे सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी जाणे होते, आणि चतुर्थीला मात्र भर पावसात पाच माणसे आणि डिकी भरून सामान घेऊन घाट उतरावा लागतो. गाडी अजून चार-पाच वर्षे ठेवण्याचा विचार आहे. अशा स्थितीत टायर खरोखरच बदलावेत का, दोन बदलून भागेल का, रुंद माप घ्यावे का, आणि कोणत्या प्रकारचा टायर निवडावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पान्हा-पक्कड:

मी सत्तावीस वर्षे टायर आणि अलाइनमेंटच्या कामात होतो. आता निवृत्त आहे आणि कोणाचा माल विकत नाही, एवढे आधी सांगतो.

आपल्या गॅरेजवाल्यांनी नक्षी पाहिली, वय पाहिले नाही. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. त्यातले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे १४१८ असे असेल, तर तो टायर २०१८ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच अंगाला असतात आणि ते अंग नेमके आतल्या बाजूस बसवलेले असते, त्यामुळे मोबाइलचा उजेड घेऊन चाकामागे डोके घालावे लागेल. २०१८ साली घातलेले टायर २०१७ मध्ये बनलेले असणेही शक्य आहे, तेव्हा आधी हे वाचून घ्या.

रबर हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे हळूहळू कडक होते. त्यापासून संरक्षण देणारी द्रव्ये रबरात मिसळलेली असतात, पण टायर फिरताना दबतो-वाकतो तेव्हाच ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून जी गाडी आठवड्यातले पाच दिवस दारात उभी असते, तिच्या टायरला भेगा लवकर पडतात, आणि मालकाला मात्र वाटत राहते की गाडी चाललीच कुठे आहे! बरेच मोटार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी टायर वापरू नये, असे टायर बनवणाऱ्या मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात. आपले टायर आठ वर्षांचे आहेत, भेगा दिसत आहेत, आणि त्यांच्यावर आपण आंबोलीचा पाऊस अंगावर घेत घाट उतरणार आहात. माझ्या मते चारही बदलावेत, आणि तेही पावसाळ्यापूर्वी.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. खोबणीच्या तळाशी जे लहान उंचवटे असतात ते हीच मर्यादा दाखवतात. आपल्याला ती अडचण नाही. मात्र ही मर्यादा झिजेची आहे. रबर किती कडक झाले आहे हे उंचवट्यांवरून कळत नाही, आणि ओल्या डांबरावर कडक रबराची पकड सुटते, हा माझा कामातला रोजचा अनुभव होता.

आता निवडीविषयी. आपण वर्षाला सरासरी चार हजार किलोमीटर चालवता. दुकानात गेल्यावर "हा टायर लाखभर किलोमीटर जातो" असे ऐकवले जाईल, आणि जास्त टिकावे म्हणून बनवलेला टायर पुढे केला जाईल. टॅक्सीवाल्याने तो जरूर घ्यावा. आपल्याकडे तो झिजण्याच्या आधी म्हातारा होईल, मग त्या टिकाऊपणाचे पैसे कशासाठी मोजायचे? टिकाऊपणासाठी जे रबर कठीण ठेवले जाते, त्यात बहुधा ओल्या रस्त्यावरची पकड थोडी कमी मिळते. आपण ओल्या रस्त्यावरील पकड आणि कमी आवाज यांसाठी ओळखला जाणारा टायर मागा. तो चाळीस-पन्नास हजार किलोमीटरमध्ये संपला तरी आपले काहीच बिघडत नाही. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन यांपैकी कोणाचाही चालेल. एका नामवंत कंपनीचा दीड वर्ष गोदामात पडलेला टायर आणि दुसऱ्या नामवंत कंपनीचा दोन महिन्यांपूर्वीचा टायर यांत मी डोळे झाकून दुसरा उचलीन. मापाचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, ८५ (एका टायरला ५१५ किलो) याहून कमी घेऊ नका. आयएसआय चिन्ह पाहून घ्या.

टायर बसवण्याआधी आणखी एक करा. जुन्या टायरवरून हात फिरवा. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा खालच्या आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांडीच्या सांध्यातले रबर) पाहावे लागेल. आणि हाताला करवतीचे दाते लागले तर शॉकअब्सॉर्बरकडे लक्ष द्यावे लागेल. पंधरा वर्षांच्या गाडीत बुश आणि बॉल जॉइंट सैल असताना नवे टायर घालणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. वर्षभरात कडा गेल्या की मग टायर कंपनीच्या नावाने शंख होतो.

रुळलेली वाट:

रुंद मापाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. १६५/८० आर १४ मध्ये कडेची उंची रुंदीच्या, म्हणजे १६५ मिलिमीटरच्या, ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या मिळून २६४ आणि रिमचे चौदा इंच म्हणजे ३५५.६, एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. १८५/७० आर १४ मध्ये कड १२९.५, व्यास ६१४.६. फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे काटा ८० दाखवेल तेव्हा गाडीचा वेग पूर्वीपेक्षा अर्ध्या-पाऊण किलोमीटरने कमी असेल आणि गाडीची जमिनीपासूनची उंची अडीच मिलिमीटरने घटेल. या पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या प्रकाराला कंपनीने हेच माप दिले होते, म्हणून दुकानदाराचा सल्ला निराधार म्हणता येणार नाही. भारांकही ८८, म्हणजे ५६० किलो मिळतो.

तरीही मी आपल्या जागी असतो तर मूळ माप ठेवले असते. रुंद टायरने कोरड्या वळणावर पकड वाढते, हे खरे. पण साचलेल्या पाण्यावरून जाताना रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो किंचित लवकर तरंगू लागतो. सावंतवाडीकडच्या सखल रस्त्यांवर भाद्रपदात किती पाणी असते हे आपल्याला सांगायला नको. शिवाय स्टिअरिंग थोडे जड होते, मायलेज थोडे उतरते, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घ्यावी लागते. चारावर निघालेला खर्च पाचावर जातो.

मीही एकदा हौसेने रुंद माप घातले होते. गाडी सुंदर चालली, पण स्टेपनी जुन्या मापाचीच ठेवली, आणि पंक्चर झाल्यावर पुढच्या दोन चाकांत दोन वेगळी मापे घालून साठ किलोमीटर यावे लागले. गाडी सारखी एका बाजूला ओढत होती. एका अ‍ॅक्सलवर दोन मापे असू नयेत, हे तेव्हा मनगटांना कळले.

गावचा रस्ता:

वरील सर्व ठीक आहे, पण सामान्य माणसाला एकदम चार टायर परवडतीलच असे नाही. आमच्याकडे दोन नवे घेऊन पुढे घालतात आणि पुढचे त्यातल्या त्यात बरे असलेले मागे टाकतात. स्विफ्टला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना आहे, ब्रेकचा भारही पुढे, स्टिअरिंगही पुढे. मग नवे टायर पुढेच हवेत, हे उघड आहे. कितीतरी वर्षे असेच चालत आले आहे.

पान्हा-पक्कड:

उघड वाटते खरे, आणि मीही पहिली दहा वर्षे असेच घालून देत होतो. पण दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत. पुढची चाके ओल्यावर घसरली तर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. चालक ते ओळखतो, पाय उचलतो, वेग उतरतो आणि बहुतेक वेळा गाडी सावरते. मागची चाके घसरली तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि सरावलेला चालकही गोंधळतो. घाटात उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे येते आणि मागची चाके आधीच हलकी झालेली असतात. त्यावर जुना कडक टायर असेल तर काय होईल याची कल्पना करा. टायर कंपन्याही नवे टायर मागेच घालायला सांगतात.

खर्चाचा मुद्दा मात्र मान्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराने सांगितलेला भाव करासह आहे का आणि नव्या दराने आहे का, हे विचारावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचे अनुक्रमांक लिहून मागावेत. पुढे फुगा आला किंवा आतला पट्टा सुटला, तर बिलाशिवाय दावा उभा राहत नाही. दोन-दोन करून घ्यायचे असेल तर दोन्ही जोड्यांत सहा महिन्यांहून अधिक अंतर ठेवू नये, असे मी या प्रश्नकर्त्यांना सुचवीन, कारण त्यांचे चारही टायर एकाच वयाचे आहेत.

चतुर्थीचा प्रवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी चाकामागे डोके घातले. तीन टायरांवर ०९१८ आहे आणि चौथ्यावर ४३१७, म्हणजे एक टायर बाकीच्यांहून चार महिने थोरला निघाला. पुढच्या डाव्या टायरची आतली कड हाताला चक्क सपाट लागली. गॅरेजमध्ये दाखवल्यावर डाव्या खालच्या आर्मचे बुश फाटलेले आढळले. दोन्ही बाजूंचे बदलून घेतले.

मग तीन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानात मी तारखेचे आकडे वाचू लागल्यावर मालकांनी "सगळा ताजा माल आहे" असे हसून सांगितले, पण दाखवलेल्या चारपैकी दोन टायर चौदा महिन्यांपूर्वीचे होते. तिसऱ्या दुकानात मूळ मापाचे, दहा आठवड्यांपूर्वी बनलेले चारही टायर मिळाले. जुने टायर काढल्यावर रिमच्या आतल्या कडेला गंजाचे पापुद्रे दिसले. बहुधा गावच्या खाऱ्या हवेचा परिणाम असावा. कामगाराने तारेच्या ब्रशने ते खरवडून काढले आणि चारही व्हॉल्व्ह नवे घातले. नायट्रोजन भरायचा का असे विचारले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, म्हणून नको म्हटले. हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरून घेतली.

आता एकच शंका उरली आहे. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, २०११ चीच आहे. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नक्षीवरचे रबरी केससुद्धा तसेच आहेत. ती ठेवावी ना?

रुळलेली वाट:

ठेवू नये. तिचे वय पंधरा वर्षे आहे आणि डिकीत अंधारात असली तरी रबर म्हातारे होतेच. दिसायला ती कोरी असते, हाच तिचा धोका आहे. पंक्चरच्या वेळी माणूस ती लावतो आणि नवा टायर समजून नेहमीच्या वेगाने निघतो. पाचवा नवा टायर आता घेणे शक्य नसेल, तर काढलेल्यांपैकी ०९१८ चा भेगा सर्वांत कमी असलेला एक टायर तात्पुरता स्टेपनीला चढवा, साठच्या आत चालवून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरताच वापरा, आणि चतुर्थीपूर्वी नवा घ्या.

पान्हा-पक्कड:

सहमत. काढलेले बाकीचे टायर दुकानदार दोन-तीनशे रुपयांत परत घेतील, पण देण्याआधी त्यांच्या कडेला सुरीने आरपार काप द्यायला सांगा. गुळगुळीत टायरमध्ये यंत्राने नवी खोबण कोरून, काळे पॉलिश मारून ते पुन्हा विकायला ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरीही ठेवू नका, पावसाचे पाणी साचून डासांची पैदास होते.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेले द्रव्य पृष्ठभागावर असते आणि ते घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. आणि पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पान्ह्याने एकदा तपासून घ्या.